माउंट रोडवरची दुसरी एलआयसी

चेन्नईत रिक्षावाल्याला 'एलआयसी' एवढंच सांगितलं तरी पुरतं. १९५९ साली उभी राहिलेली ती उंच इमारत सगळ्या शहराला ठाऊक आहे. जुनी माणसं तिला अजून 'चौदा मजली' म्हणूनच ओळखतात. मेट्रो आली तेव्हा स्टेशनलाही तिचंच नाव मिळालं. पण त्याच माउंट रोडवर, म्हणजे आताच्या अण्णा सालैवर, एलआयसीच्या मालकीची आणखी एक इमारत आहे. ती लाल विटांची आहे, उंच बारीक मनोऱ्याची आहे आणि पहिलीपेक्षा साठ वर्षांनी वडील आहे. तिचं नाव घेतलं तर रिक्षावाला मागे वळून 'कुठली?' म्हणतो.

तिचं नाव भारत इन्शुरन्स बिल्डिंग, आणि त्याआधीचं कार्डिल बिल्डिंग. जनरल पॅटर्स रोड जिथे माउंट रोडला मिळतो, तिथे ती आहे. मी पुण्याचा. जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटची कामं करतो, म्हणजे लोकांना 'पाडावी लागेल' किंवा 'पाडू नका' हे सांगण्याचे पैसे घेतो. २०१९ साली कामानिमित्त चेन्नईत होतो. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात लॅपटॉप दुरुस्तीला टाकला, दुकानदार म्हणाला दोन तासांनी या. ते दोन तास मी या इमारतीसमोर काढले. नंतर दोनदा मुद्दाम गेलो, पक्षी बघायची दुर्बीण घेऊन. आत जाता येत नव्हतं, त्यामुळे हे टिपण रस्त्यावरून केलेल्या पाहणीवर आणि जाहीर माहितीवर बेतलेलं आहे. हे ऑडिट नव्हे, आणि तसं कुणी समजू नये.

वीट उघडी ठेवायची म्हणजे

इमारत १८९७ ची. डब्ल्यू. ई. स्मिथ आणि कंपनी या औषधविक्रेत्या पेढीने ती बांधून घेतली. आराखडा जे. एच. स्टीफन्स यांचा. ते मद्रासच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या लाल इमारतीवर वास्तुविशारद हेन्री अर्विन यांच्याबरोबर काम केलेले. न्यायालय १८९२ मध्ये पुरं झालं. म्हणजे न्यायदेवतेसाठी घुमट-मनोरे उभारून झाल्यावर पाच वर्षांत त्याच हाताने औषधाच्या दुकानासाठीही घुमट-मनोरे काढले. मला हे फार आवडतं. आपल्याकडे या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात आणि ती राजवाडे, विद्यापीठं, रेल्वे स्टेशनं यांचीच असते असा समज आहे. इथे ती खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या विकायला उभी राहिली.

का, ते रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रासची मोठी दुकानं किल्ल्याजवळच्या गजबजाटातून निघून माउंट रोडवर येत होती. घड्याळवाले पी. ऑर, डिपार्टमेंट स्टोअरवाले स्पेन्सर, पुस्तकवाले हिगिनबॉथम्स, सगळे एका रांगेत. गिऱ्हाईक घोडागाडीतून यायचं. गाडीतून जाणाऱ्याला लांबून दिसावं, लक्षात राहावं, हे मनोऱ्याचं काम. त्या मनोऱ्यावरून ना अजान व्हायची, ना घंटा वाजायची. तो सरळसरळ दुकानाचा बोर्ड होता. ही इमारत मुळात जाहिरात म्हणून बांधली गेली, आणि हे ध्यानात ठेवलं की तिची पुढची गोष्ट नीट लागते.

आता विटांकडे. त्याआधीचं मद्रास पांढरं होतं. शिंपल्यांचा चुना घोटून घोटून संगमरवरासारखा चकचकीत करायचा, तो तिथला गिलावा. गिलाव्याची एक सोय असते: आत वीट कशीही लावली तरी वरून झाकता येते. पण शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट चिझम आणि नंतर अर्विन यांच्या इमारतींतून लाल वीट उघडी ठेवायची पद्धत रुळली, आणि गवंड्याची कसोटी लागली. वीट उघडी ठेवायची तर ती सारखी भाजलेली हवी, कडा शाबूत हव्यात, दोन विटांमधली प्रत्येक दर्ज, म्हणजे सांधा, एका जाडीची हवी. कमानीसाठी तर प्रत्येक वीट घासून पाचरीसारखी करावी लागते. नाहीतर कमानीची वरची दर्ज जाड, खालची बारीक, आणि सगळी चूक रस्त्यावरून दिसते.

दुर्बिणीतून मी तेवढंच बघत होतो. झाडोरा जिथे नव्हता, तिथल्या कमानींच्या विटा केंद्राकडे बघत नेमक्या बसलेल्या होत्या. शंभराहून अधिक पावसाळे खाऊन, त्यातले अलीकडचे वीसेक कुणाचीही निगा नसताना. खालच्या भागात मात्र मधेच एखादा पट्टा करड्या रंगाचा होता. माझ्या अंदाजाने तो सिमेंट. कधीतरी कुणीतरी चुन्याच्या दर्जा उकरून तिथे सिमेंट भरलं असावं. हा उपद्व्याप पुण्यातल्या वाड्यांतही घरोघर झालाय. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंट घट्ट असतं, ते ओल अडवतं, मग ओल विटेतून वाट काढते आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. दर्ज शाबूत राहते आणि वीट झिजते, असं उलटं चित्र दिसायला लागलं की समजावं, कुणीतरी दुरुस्ती केली आहे.

एक गृहस्थ बसथांब्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी इंग्रजीत विचारलं, कुठला पक्षी? मी मनोऱ्याकडे बोट दाखवून दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बघितलं, परत दिली, म्हणाले, 'तिथे घार बसते कधीकधी.' आणि बस आली.

मालक बदलत गेले

स्मिथ कंपनी १९२५ मध्ये शेजारच्या स्पेन्सरने घेतली. इमारत १९३४ साली भारत इन्शुरन्स कंपनीकडे आली आणि तिला आजचं नाव मिळालं. इथून पुढची कहाणी मराठी वाचकाला अनोळखी वाटायला नको.

भारत इन्शुरन्स ही १८९६ मध्ये लाहोरला निघालेली कंपनी. १९३० च्या दशकात ती उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यात गेली. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी लोकसभेत उठले आणि विमेदारांचा पैसा उद्योगपती आपल्या खाजगी व्यवहारांत कसा फिरवतात हे त्यांनी याच कंपनीचं उदाहरण घेऊन मांडलं. दालमियांवर खटला चालला, दोन कोटींहून अधिक रकमेचा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांची शिक्षा कायम झाली. पण त्याच्या खूप आधी, १९ जानेवारी १९५६ ला, सरकारने एका वटहुकमाने आयुर्विम्याचा सगळा धंदा ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते कुलाबा जिल्ह्याचे खासदार चिंतामणराव देशमुख. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता, हे आपल्याकडे सांगायला नको.

म्हणजे देशातल्या विम्याचं राष्ट्रीयीकरण ज्या कंपनीच्या भानगडीमुळे तातडीचं झालं, तिची पाटी या इमारतीवर होती. एवढा ऐवज अंगावर असलेली दुकानाची इमारत मला दुसरी आठवत नाही. आणि ही गोष्ट सांगणारी साधी पाटीसुद्धा मला तिथे दिसली नाही.

त्याच राष्ट्रीयीकरणात 'चौदा मजली'ही एलआयसीकडे आली. ती मुळात युनायटेड इंडिया या विमा कंपनीसाठी बांधायला घेतलेली. काम अर्ध्यावर असताना इंग्रज वास्तुविशारद निघून गेले आणि ती पुरी केली मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एल. एम. चितळे यांनी. हो, आपले चितळेच. थोडक्यात, एका घरात दोन मुलं आली, एक तरुण, एक साठीची. ११ जुलै १९७५ ला तरुण इमारतीला मोठी आग लागली. ती दुरुस्त झाली आणि आजही वापरात आहे. थोरलीला तेवढं भाग्य लाभलं नाही.

'धोकादायक' हा शब्द

१९९० च्या दशकाअखेरीस एलआयसीने ही इमारत धोकादायक ठरवली आणि भाडेकरूंना जागा सोडायला सांगितलं. २००६ मध्ये पाडकाम सुरू झालं. इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था उच्च न्यायालयात गेली, पाडकाम थांबलं, आणि एप्रिल २०१० मध्ये निकाल इमारतीच्या बाजूने लागला.

या निकालात एक गंमत आहे. चेन्नईत तेव्हा जपायच्या इमारतींची कायदेशीर यादीच नव्हती. मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली, चेन्नईत तसं काही नव्हतं. मग न्यायालयाने आधार कशाचा घेतला? होर्डिंगचा! रस्त्यांवर फलकांची इतकी गर्दी झाली होती की त्यावरच्या खटल्यात न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती पद्मनाभन यांची समिती नेमली होती. कुठल्या इमारतींसमोर फलक नकोत, हे सांगायला त्या समितीने साडेचारशेहून अधिक वास्तूंची यादी केली. तीच यादी २०१० मध्ये कामी आली. न्यायालयाने ती वारशाची यादी म्हणून मान्य केली, वारसा समिती नेमायला सांगितलं आणि ही इमारत पाडायला मनाई केली. जाहिरात म्हणून जन्मलेली इमारत जाहिरातींच्या गर्दीत दिसेनाशी झाली आणि जाहिरातींवरच्या खटल्याने वाचली.

पण वाचली म्हणजे काय? पाडायची नाही, एवढंच ठरलं. दुरुस्त कधी करायची, कुणाच्या पैशाने, वापर काय, यातलं काहीच मनाईने आपोआप ठरत नाही. मी २०१९ मध्ये बघितली तेव्हा ती पाडलेलीही नव्हती आणि वाचवलेलीही नव्हती. भिंतींतून पिंपळ वर आले होते.

माझ्या धंद्याशी संबंध येतो तो इथे. 'धोकादायक' हा शब्द आपण संपूर्ण इमारतीला चिकटवतो, पण धोका नेहमी एखाद्या भागात असतो. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत निदान सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे भेद आहेत: रिकामी करून पाडायची, काही भाग उतरवून मोठी दुरुस्ती करायची, रिकामी न करता दुरुस्ती, किरकोळ दुरुस्ती. हा भेद केला नाही की भिंतीचा दोष नसताना भिंतीला फाशी होते.

त्या काळच्या मद्रासी इमारतींत भिंत आणि छत ही दोन वेगळ्या आयुष्याची माणसं आहेत. भिंत विटेची, चुन्यातली, जाड. छत 'मद्रास टेरेस'. आपल्या माळवदाचा हा चुलतभाऊच, फक्त मातीऐवजी वीट. लाकडी कड्या, म्हणजे छत पेलणाऱ्या तुळया, जवळजवळ टाकायच्या, त्यांच्यावर लहान पातळ विटा कडेवर उभ्या, तिरप्या रांगेत चुन्यात बसवायच्या. त्यावर विटांच्या बारीक तुकड्यांचा चुन्यातला कोबा धुमसून घ्यायचा आणि वर पातळ चपट्या फरश्या. खाली फळ्यांचा आधार न लावता गवंडी हे काम करतो. चुना लगेच धरतो आणि तिरपी रांग आधीच्या रांगेला टेकते. उन्हाळ्यात खाली गार राहतं. नीट राखलं तर शंभर वर्षं सहज.

राखणं म्हणजे काय, तर गच्चीवर दर पावसाळ्याआधी चढायचं. फरशी फुटली असेल तर बदलायची, पन्हळीतली पानं काढायची, बोटभर उगवलेला पिंपळ मुळासकट उपटायचा. हे चुकलं की पाणी कोब्यातून कडीपर्यंत पोचतं आणि कडी कुजते. ती मधे नाही, टोकाला कुजते, जिथे ती भिंतीत शिरलेली असते आणि वारा लागत नाही. खालून बघणाऱ्याला कडी धडधाकट दिसते. एक दिवस टोक सुटतं आणि छताचा तुकडा खाली येतो. वर्तमानपत्रात बातमी येते, 'जुनी इमारत कोसळली'. भिंती तशाच उभ्या असतात.

त्यांनाही मग धोका होतो, पण तो दुय्यम. मजल्यांच्या कड्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. मधले मजले गेले की दोन-तीन मजली भिंत एकटी, उंच आणि उघडी पडते. तिची जाडी तीच राहते, पण आधाराविना उंची दुप्पट-तिप्पट होते. म्हणून अर्धवट पाडकाम हे पूर्ण दुर्लक्षापेक्षा वाईट. छत उतरवून काम थांबवलं की पुढच्या पाहणीत भिंती खरोखरच धोकादायक निघायची सोय होते. यात कुणाचा डाव असतो असं माझं म्हणणं नाही. कोर्टाचा आदेश येतो तेव्हा काम जिथे असेल तिथे थांबतं, आणि उघड्या भागावर ताडपत्री घालायचं काम कुणाच्याच कागदावर नसतं.

मालकाची बाजू

ती सांगितली नाही तर अन्याय होईल. एलआयसीकडचा पैसा विमेदारांचा. शहराच्या सगळ्यात महाग रस्त्यावर जुन्या, कमी भाड्याच्या जागेत तो अडकवून ठेवायचा, शिवाय दुरुस्तीत घालायचा, हे हिशेब तपासणाऱ्याला कसं पटवायचं? मालकाने जपावं, खर्च मालकाने करावा आणि अभिमान शहराने बाळगावा, ही वाटणी मुळात एकतर्फी आहे. तमिळनाडूत वारसा आयोगाचा कायदा २०१२ मध्ये झाला, पण कायद्याने छत गळायचं थांबत नाही.

तरी एक तुलना मनातून जात नाही. याच रस्त्यावर हिगिनबॉथम्सची १९०४ ची इमारत आहे. वयात फक्त सात वर्षांचा फरक. समुद्राची खारी हवा तीच, ऑक्टोबर ते डिसेंबरचा झोडपणारा पाऊस तोच. तिथे लोक आत जाऊन पुस्तकं विकत घेतात. त्या इमारतीची वीट काही वेगळ्या भट्टीतली म्हणून ती टिकली असं मला वाटत नाही. छत गळलं तर पुस्तकं भिजतात, म्हणून कुणीतरी वर चढतं. भाडेकरू बाहेर काढले त्या दिवसापासून कार्डिल बिल्डिंगमध्ये गळती बघणारं कुणी उरलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा घाव तो आहे. १८९७ हे वय नाही, २००६ चे हातोडेही नाहीत.

अर्धवट पाडलेली इमारत परत उभी राहत नाही, असं मला एका बिल्डरने ठणकावून सांगितलं होतं. त्याला मी कोलकात्याची करन्सी बिल्डिंग सांगतो. डलहौसी चौकातली, १८३३ ची, आग्रा बँकेसाठी बांधलेली, पुढे सरकारी चलन कचेरी झालेली. १९९० च्या दशकात ती पाडायला घेतली आणि मधल्या दालनावरचे घुमट उतरवलेही. मग काम थांबलं आणि पुढे ती पुरातत्त्व खात्याकडे आली. त्यांनी गेलेले घुमट खोटे-खोटे उभे केले नाहीत. मधली जागा उघडं अंगण म्हणून ठेवली, भोवतीच्या भिंती आणि मजले दुरुस्त केले आणि जानेवारी २०२० मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. मधोमध आकाश दिसतं आणि घुमट कुठून कुठवर होता हे भिंतीवरच्या कमानी सांगतात. चेन्नईतही मनोऱ्याचं हरवलेलं प्रत्येक टोक नव्याने घडवायची गरज नाही.

मला कुणी विचारलं तर मी पहिल्या वर्षी संग्रहालय, कॅफे, आर्ट गॅलरी यातला एकही शब्द उच्चारणार नाही. भिंतींपासून सुटी अशी लोखंडी चौकट उभारून वर पत्रा टाकेन, ऑक्टोबरच्या आत. उंच एकट्या भिंतींना दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू. पिंपळ कापणार नाही. कापला की मुळं दुप्पट जोमाने फुटतात आणि ओढून काढली तर विटा घेऊन येतात. खोडाला औषध भरून ते जागेवर वाळू देईन, आणि वाळलेलं मूळ दर्जेतच सोडून त्याच्याभोवती चुना भरेन. सिमेंटचे करडे पट्टे हातछिन्नीने उकरायचे, यंत्र लावायचं नाही. प्रत्येक कडीचं भिंतीतलं टोक टोचणीने तपासायचं, क्रमांक घालून. टोक गेलंय आणि बाकी कडी चांगली आहे अशा किती, हा आकडा हातात आल्याशिवाय खर्चाचा अंदाज मांडण्यात अर्थ नाही. माझा अनुभव असा की हा आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो, आणि तशा कडीला लोखंडी बूट चढवून ती परत वापरता येते.

दोन तासांनी रिची स्ट्रीटला परत गेलो. लॅपटॉप तयार होता. दुकानदाराने विचारलं, एवढा वेळ कुठे होतात? म्हटलं, एलआयसीसमोर. 'तिकडे? ती तर लांब आहे,' तो म्हणाला, आणि उंच इमारतीच्या दिशेने हात केला.